पुढचं-मागचं ऐकणारा माईक

१

सभागृहाचा आवाज सांभाळणाऱ्या बाईंना सगळेच ताई म्हणत. धाकट्या भावाची ती सख्खी ताई होतीच, पण पडदा ओढणाऱ्यापासून ते तिच्याहून सहा वर्षांनी मोठ्या मॅनेजरपर्यंत कुणाच्याही तोंडी दुसरं काही येत नसे. एकवीस वर्षं ती एकाच टेबलाशी बसत आली होती. खुर्च्यांच्या सोळा रांगा संपल्या, की त्यांच्या मागे मधोमध तिची जागा. समोर बटणांचा आणि सरकत्या पट्ट्यांचा लांबलचक मिक्सर, आणि शेजारी तिचा हेडफोन. त्या हेडफोनला तिच्याशिवाय हात लावायची कुणाची छाती होत नसे.

तिचा दिवस सकाळी दहाला सुरू होई. कामापुरते दिवे लावायचे, रंगमंचाच्या मधोमध उभं राहून एकदा टाळी वाजवायची, आणि ती रिकाम्या खुर्च्यांवरून फिरून कशी परत येते ते ऐकायचं. कुठला दरवाजा उघडा राहिलाय, कुठला पडदा अर्धाच ओढलाय, हे तिला त्या टाळीवरून कळे. तिकीट तपासणारा म्हणायचा, 'ताई सभागृहाला उठवतायत.'

त्या आठवड्यात तिच्यापुढे काम होतं ते गिटारच्या अँपसाठी माईक निवडायचं. गिटारचा अँप म्हणजे लाकडी खोक्यात बसवलेला स्पीकर. त्याचा आवाज पुढच्या चार रांगांना थेट पोचतो, मागच्यांसाठी त्याच्या तोंडाशी माईक धरावा लागतो. सभागृहाचा जुना माईक गेल्या महिन्यात ऐन कार्यक्रमात मुका झाला होता. मॅनेजरच्या दृष्टीने माईक म्हणजे माईक. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत एक नाव सांगा, मी कागद पुढे सरकवतो, एवढंच त्याचं म्हणणं. पण ताई अशा कामात कुणाच्या बापाचं ऐकणारी नव्हती. तिने तीन माईक वापरून बघायला मागवले होते.

त्यात भर म्हणजे शनिवारी दुपारी चारला त्याच रंगमंचावर धाकट्याचा कार्यक्रम होता. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि ती सतरा. त्याला लहानाचं मोठं तिनेच केलं. पाच वर्षांपूर्वी त्याचा ग्रूप फुटला, गिटार खोळीत गेली आणि तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत चिकटला. आता कुठे त्याने स्वतःच्या सात धुना बांधल्या होत्या. माईकच्या चाचणीसाठी वाजवायला कुणीतरी हवंच होतं, म्हणून त्याने आठवडाभर सकाळची रजा टाकली.

२

मंगळवारी सकाळी अकराला पहिली चाचणी झाली. रंगमंचावर अँप, त्याच्यापुढे तीन माईक आणि धाकटा. तो लहानपणापासून बुजरा. वाजवताना प्रेक्षकांकडे पाठ करून अँपकडे तोंड करायचा. मोठा झाला तरी ती खोड गेली नव्हती.

पहिला माईक डायनॅमिक, जाडजूड आणि दणकट. पडला, आपटला तरी त्याला काही होत नाही. अँपच्या तोंडावरच्या कापडाला चिकटवून ठेवायचा, की समोर जे आहे तेवढंच तो ऐकतो. पाठीमागे जग बुडालं तरी त्याला पत्ता नसतो. दुसरा कंडेन्सर, फार तिखट कानाचा. ड्रमपासून खोकल्यापर्यंत सगळं गोळा करून आणणारा. आणि तिसरा रिबन. त्याच्या पोटात चांदीच्या वर्खासारखी पातळ पट्टी असते. तो अँपपासून हातभर लांब ठेवावा लागतो, आणि तो पुढचं जितकं ऐकतो तितकंच मागचंही ऐकतो. फक्त दोन्ही बाजूंना ठार बहिरा.

धाकट्याने एक हळू धून तीनदा वाजवली. तो गेल्यावर ताईने तिन्ही माईकचं रेकॉर्डिंग एकेक करून ऐकलं. कंडेन्सर पहिल्या मिनिटातच बाद झाला. डायनॅमिक ठीक होता, नाकासमोर चालणारा. रिबनवर मात्र धाकट्याची गिटार अशी आली, की ताई खुर्चीत सरळ होऊन बसली. तारेवर बोट घसरतं तो आवाजसुद्धा उबदार वाटत होता.

धून संपली. शेवटचा स्वर विरत गेला, आणि त्याच्या मागे, लांबून, एक आवाज आला. खट्.

ताईने रेकॉर्डिंग मागे नेऊन पुन्हा ऐकलं. तो आवाज तिच्या रोजच्या ओळखीचा होता. सभागृहातल्या खुर्च्यांची बैठक स्प्रिंगची असते. माणूस बसला की खाली, उठला की आपोआप वर. वर जाताना खट् वाजतं. कुणीतरी खुर्चीवरून उठलं होतं.

सभागृहात त्या वेळी तिच्याशिवाय कुणी नव्हतं. ती समोरच बसली होती. तिने कुणाला उठताना पाहिलं नव्हतं आणि, मुख्य म्हणजे, खट् ऐकलंही नव्हतं.

३

ताई घाबरली, पण ती भुताखेताला नाही. आवाजाच्या माणसाचं पोट त्याच्या कानांवर असतं. प्रत्यक्ष वाजलेला आवाज आपल्याला ऐकू आला नाही आणि माईकला आला, याचा तिच्या लेखी एकच अर्थ होता. वय एकोणपन्नास, त्यात एकवीस वर्षं मोठ्या आवाजात काढलेली.

बुधवारी सकाळी तिने धाकट्याला पुन्हा वाजवायला बसवलं. यावेळी ती टेबलाशी न बसता भिंतीला टेकून उभी राहिली, सगळ्या रांगा डोळ्यांसमोर ठेवून. धून संपेपर्यंत तिने पापणी लवू दिली नाही. एकही खुर्ची हलली नाही. रेकॉर्डिंग लावलं, तर शेवटच्या स्वरामागे पुन्हा खट्. कालच्यापेक्षा स्पष्ट.

मग तिने जे केलं ते तिच्या स्वभावाला धरूनच होतं. रिबन माईक जागेवर ठेवून रेकॉर्डिंग चालू केलं आणि ती स्वतः प्रत्येक रांगेत जाऊन बसली आणि उठली. सोळा रांगा, प्रत्येक रांगेत डावीकडची, मधली आणि उजवीकडची खुर्ची. गुडघे बोलायला लागले तरी सोडलं नाही. मग टेबलाशी बसून तिने आपले अठ्ठेचाळीस खट् आणि ते दोन खट् शेजारी शेजारी लावून ऐकले. एकवीस वर्षांच्या सवयीने तिला उत्तर मिळायला वेळ लागला नाही.

मंगळवारचा आवाज चौदाव्या रांगेतल्या डावीकडच्या, वाटेलगतच्या खुर्चीचा होता. बुधवारचा अकराव्या रांगेतला.

त्याच दुपारी ती कानांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. काचेच्या खोलीत बसून तासभर शिट्ट्या ऐकल्या. डॉक्टरीणबाई आलेख बघून म्हणाल्या की या वयात, या धंद्यात असे कान मी पाहिले नाहीत. चिंता करू नका. हे ऐकून कुणाच्याही जिवात जीव आला असता. ताई मात्र बाहेरच्या बाकावर बसली. कान चांगले होते, तर तो खट् तिला का ऐकू आला नव्हता?

घरी जाताना तिला आठवलं, की वाजवून झाल्यावर धाकटा एक वाक्य बोलला होता आणि तिने त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. अँपचा आवाज आज कमी का येतोय, असं त्याने विचारलं होतं.

४

गुरुवारी ताईने आधी अँपची बटणं तपासली. मंगळवारी लावली होती तिथेच होती. मिक्सरवरचा काटा मंगळवारइतकाच वर जात होता. तरी धाकट्याने वाजवायला सुरुवात करताच अँपचं बटण चारावरून सहावर नेलं.

"ताई, आज पण दबल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला. "डाव्या कानात तर कापूस कोंबलाय जसा काही."

तिने हसून सर्दी झाली असेल म्हटलं. तिचा आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

तो येण्याआधी तिने एक काम उरकून ठेवलं होतं. डावीकडच्या वाटेलगतच्या सोळाही खुर्च्यांच्या मिटलेल्या बैठकीच्या फटीत तिने कागदाची एकेक घडी उभी खोचली होती. बैठक जराशी जरी खाली झाली, तरी घडी पडणार. माईकवर विश्वास नसेल तर नसू दे, कागद काही खोटं बोलणार नाही.

धाकट्याने तीन धुना वाजवल्या. तो हात धुवायला आत गेला तेव्हा ताई वाटेने खाली उतरत गेली. सोळा, पंधरा, चौदा. घड्या जागच्या जागी. तेरा, बारा, अकरा, दहा. तिला वाटायला लागलं, की माईकमध्येच काही दोष असेल, पट्टी सैल झाली असेल, लाकडी रंगमंच गरम होऊन तडकत असेल. नऊ, आठ.

सातव्या रांगेतली घडी जमिनीवर पडलेली होती.

ताईने ती उचलली. विचित्र वाटेल, पण पहिल्या क्षणी तिला झाला तो आनंद. कान शाबूत होते, डोकं ठिकाणावर होतं, आपण म्हाताऱ्या झालो नव्हतो. ती घडी हातात घेऊन ती जवळजवळ हसलीच. दुसऱ्या क्षणी तिने मान वर केली. पुढच्या खुर्च्यांवरून रंगमंच दिसत होता, अँप दिसत होता, आणि इथून ते सगळं चौदाव्या रांगेतून दिसतं त्याच्या दुप्पट मोठं दिसत होतं.

पुढच्या सहाही रांगांमधल्या घड्या जागेवर होत्या. अजून.

५

त्या दिवशी संध्याकाळी भावजयीचा फोन आला. ती कधी उगाच कुरकुर करणारी नव्हती. पण गेले दोन दिवस हे टीव्ही इतका मोठा लावतात, की शेजारचे दार वाजवून गेले. बोलावलं तर डावीकडून हाक ऐकूच येत नाही, असं ती सांगत होती. कार्यक्रमाचं टेन्शन असेल ना, ताई? ताईने हो म्हटलं.

शुक्रवारी सकाळी धाकट्याबरोबर ड्रम आणि बास वाजवणारे त्याचे दोन मित्रही आले. ताई त्याला गिटार खोळीतून काढू देईना. ती त्याला तशीच हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. काचेच्या खोलीतून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. डावा कान जवळपास निम्म्यावर आला होता आणि उजव्यानेही उतरायला सुरुवात केली होती. पडदा साफ, नस साफ. माशी कुठे शिंकली ते डॉक्टरीणबाईंना सांगता येईना. सोमवारी पुन्हा या, पुढच्या तपासण्या करू, असं त्या म्हणाल्या.

रस्त्यात ताईने त्याला सगळं सांगितलं. खुर्च्या, रांगा, कागदाच्या घड्या, काहीही न लपवता. तिला वाटलं होतं तो थट्टा करेल. त्याने थट्टा केली नाही. तो म्हणाला, की वाजवताना मानेवर कुणीतरी बघतंय असं त्यालाही वाटतं. पण ते वाईट वाटत नाही. आजवर इतकं मन लावून त्याला कुणी ऐकलंच नव्हतं.

"कार्यक्रम रद्द करू," ताई म्हणाली.

"नाही."

"अरे, कान आहेत ते. लिफ्ट नाहीत, पट्टा बदलून चालू करायला."

"पाच वर्षं मी कान असून बहिऱ्यासारखाच होतो, ताई," तो म्हणाला. "उद्या वाजवणार. त्यानंतर तू म्हणशील ते."

तिने त्याच्याकडे पाहिलं. हा सूर तिला ठाऊक होता. तो तिचाच होता. वाद घालण्यात अर्थ नव्हता.

दुपारी मित्रांबरोबर त्याने तालीम केलीच. ती संपल्यावर ताईने घडी बघितली. तिसरी रांग.

६

आता राहिली होती ती एकच गोष्ट, जी खरोखर तिच्या हातातली होती. माईक कुठला लावायचा.

शुक्रवारी संध्याकाळी मॅनेजरने दारातून डोकं आत घालून विचारलं, ठरलं का? ताई रंगमंचावर अँपपुढे मांडी घालून बसली होती. ती म्हणाली, उद्या सांगते. आज उत्तर द्यायचं ठरलं होतं याची त्याने आठवण करून दिली, पण तिचा चेहरा बघून दार लावून घेतलं.

डायनॅमिक लावला, तर मागचं काही कळणार नाही. सगळं जग तेच करतं आणि सुखाने झोपतं. पण आपण ऐकलं नाही म्हणून वाटेत आलेलं कुणी परत फिरत नाही, एवढं तिला कळत होतं. रिबन लावला, तर कळेल. पण रिबन आणि अँप यांच्यात हातभर जागा सोडावी लागते. ताईने त्या मोकळ्या जागेत हात घालून बघितला. मग आपलं डोकं वाकवून बघितलं. माणसाचं डोकं तिथे नीट मावत होतं. अँपच्या कापडाला कान लावून बसता येत होतं.

ती झटक्यात मागे सरली.

चौदा, अकरा, सात, तीन. जो कुणी होता तो काही करत नव्हता. ऐकत होता, आणि त्याला आणखी नीट ऐकायचं होतं. तो जितका पुढे येत होता तितकं धाकट्याच्या वाट्याचं कमी होत होतं. ताईच्या डोक्यात हे इतकं लख्ख बसलं, की त्यावर पुन्हा शंका घ्यायची तिला गरज वाटली नाही. का, कोण, कुठून, हे विचारण्यात वेळ घालवणाऱ्यांपैकी ती नव्हती. हॉलमध्ये स्पीकरची शिट्टी वाजायला लागली की आधी ती बंद करायची, कारण मागाहून शोधायचं. तिचा धंदा तिला हेच शिकवत आला होता.

तिने दोन्ही माईक लावले. डायनॅमिक अँपच्या कापडाला अगदी घट्ट चिकटवला. लोकांना ऐकू जाणार तो त्याचा आवाज. रिबन हातभर मागे ठेवला आणि त्याची तार मिक्सरवर फक्त आपल्या हेडफोनपुरती जोडली. तो बाहेर कुणाला ऐकू जाणार नव्हता. तो पहाऱ्यावर होता.

७

शनिवारी सभागृह भरलं. तिसऱ्या रांगेतल्या डावीकडच्या खुर्चीवर एक जाडजूड गृहस्थ बायकोबरोबर आरामात बसलेले ताईने दुरून पाहिले. त्यांना काही जाणवत असल्याचं दिसलं नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी दिवे मंदावले. धाकटा आला, नमस्कार केला, आणि सवयीप्रमाणे पाठ फिरवून अँपकडे तोंड केलं. लोक थोडे हसले, पण पहिल्या धुनेनंतर कुणी हसलं नाही. दुसरी, तिसरी. टाळ्या वाढत गेल्या. ताईच्या हेडफोनमध्ये रिबन होता. त्यात गिटार, ड्रम, खोकले, पिशव्यांची कुजबुज. सगळं भरल्या सभागृहाचं, रीतसर.

चौथी धून हळू होती. मंगळवारची. ती अर्ध्यावर आली तेव्हा ताईला रंगमंचाच्या डावीकडच्या लाकडी पायऱ्यांवर पाऊल वाजलेलं ऐकू आलं.

पायऱ्या रिकाम्या होत्या. त्यांच्या पायथ्याशी तिकीट तपासणारा उभा होता. तो अंग चोरून बाजूला झाला, जशी आपण कुणाला वाट करून देतो तसा, आणि मग आपण का सरकलो हे न कळून इकडेतिकडे बघू लागला. दुसरं पाऊल. तिसरं. चौथं. पाचव्यानंतर पायऱ्या संपत होत्या.

मग रिबनमधली गिटार दबली. हळूहळू नव्हे, एकदम, अँपवर कुणी पांघरूण टाकावं तशी. डायनॅमिकमधून लोकांना ऐकू जाणारा आवाज तसाच स्वच्छ होता. ताईने अँपकडे पाहिलं. त्याच्या खालच्या कोपऱ्यात एक लाल दिवा असतो, बोराएवढा. तो विझला नव्हता. तो झाकला गेला होता. त्याच्या कडेची लाल झाक एका गोलसर, काळ्या आकाराभोवती पसरलेली दिसत होती, आणि तो आकार कापडाकडे झुकलेला होता.

धाकट्याचा हात चुकला. ड्रमवाल्याने त्याच्याकडे पाहिलं. धाकट्याने मान झटकली, तारा चाचपल्यासारख्या केल्या, मग ताईकडे वळून बोट वर केलं. वाढव. आई गेली तेव्हा, तो सात वर्षांचा असताना, तिने त्याच्या डोळ्यांत पाहिली होती तीच भीती आता तिथे होती. त्याला आता काहीच ऐकू येत नव्हतं.

तिचा हात पट्टीवर गेला आणि थांबला. ती जेवढा आवाज वाढवेल, तेवढा तिथेच जाणार होता.

मिक्सरवर एक बटण असतं. ते दाबून बोललं, की टेबलावरच्या माणसाचा आवाज रंगमंचावर वाजवणाऱ्यांच्या पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधून निघतो. प्रेक्षकांना तो जात नाही. ताईने ते दाबलं. गेली एकवीस वर्षं, मागे बसायला लागलं म्हणून तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाशी ती ज्या आवाजात बोलत आली होती, त्याच आवाजात ती बोलली.

"तिथे नको," ती म्हणाली. "इकडे या. इथून सगळ्यात चांगलं ऐकू येतं."

धाकट्याने काहीच ऐकलं नाही. बासवाला गोंधळून टेबलाकडे बघायला लागला. पुढचा क्षण फार लांब होता. मग लाल दिवा दिसायला लागला, आधी अर्धा, मग पूर्ण. हेडफोनमध्ये गिटार मोकळी झाली. धाकट्याचे खांदे खाली आले. त्याने एक तार छेडली, ऐकली, पुन्हा छेडली, आणि धून जिथे सुटली होती तिथूनच उचलली. तो हसत होता, हे ताईला त्याच्या पाठीवरून कळलं.

पायऱ्यांवर पाच पावलं खाली उतरली. पुढे वाटेवर गालिचा होता. तिथे पाऊल वाजत नाही.

ताईने वाटेकडे पाहिलं नाही. तिने आपली खुर्ची थोडी उजवीकडे सरकवली आणि डावीकडे एका माणसाची जागा केली. पाचवी धून सुरू झाली तेव्हा तिच्या डाव्या कानातून आधी झांजेची किणकिण गेली, मग बोटांची सरसर, मग लोकांची कुजबुज. तिने हेडफोन काढून बघितला. काही फरक नव्हता. उरलेल्या धुना तिने उजव्या कानावर आणि मिक्सरच्या काट्यांवर सांभाळल्या, आणि त्यात कुणाला एक चूक काढता आली नसती. शेवटी सगळं सभागृह उभं राहिलं. धाकटा आयुष्यात पहिल्यांदा लोकांकडे तोंड करून उभा होता.

८

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी धाकट्याचा नवा आलेख पाहून आपल्याच यंत्रावर संशय घेतला. दोन्ही कान उत्तम होते. मग ताई काचेच्या खोलीत जाऊन बसली. तिचा आलेख निघाल्यावर डॉक्टरीणबाईंनी तो बुधवारच्या आलेखाशेजारी धरला. उजवा पूर्वीसारखाच होता. डाव्याची रेघ तळाला गेली होती. ताईने आलेखाची घडी करून पिशवीत टाकली आणि धाकट्याला बाहेर सांगितलं, की वयाचं आहे, चालायचंच. त्याने विश्वास ठेवला नाही. रस्ताभर तो तिच्या उजव्या बाजूने चालत राहिला.

मॅनेजरला तिने दोन्ही माईक घ्यायला सांगितलं. डायनॅमिकबद्दल त्याला काही म्हणायचं नव्हतं. पण जो माईक लोकांना ऐकवायचाच नाही, तो कशाला, असं त्याचं साधं विचारणं होतं. ताई म्हणाली, तो माझ्या कामाचा आहे. त्याने खांदे उडवले आणि कागद पुढे सरकवला.

पुढच्या महिन्यात धाकट्याचा दुसरा कार्यक्रम ठरला. तालमीच्या सकाळी कुणीतरी ताईच्या डावीकडे रिकामी खुर्ची ठेवलेली बघून ती उचलायला गेलं, तर ती म्हणाली, राहू दे, तिथे माणूस आहे. बोलण्याचा तिचा सूर असा होता, की पुढे कुणी चौकशी केली नाही. खुर्ची साधी घडीची होती, स्प्रिंगची नव्हे. तिच्यावरून कुणी उठलं तर आवाज येणार नव्हता. ताईने त्याचाही विचार करून ठेवला होता. अँपपुढचा रिबन तिने नीट रोखून ठेवला, पुढून धाकटा, मागून सगळं सभागृह. शेजारच्याच्या मनात कधी पुन्हा पुढे जायचं आलं, तर पहिल्या पायरीवरच तिला कळायला हवं होतं. आणि तिच्याकडे अजून एक कान शिल्लक होता.

तिने उजव्या कानावर हेडफोन चढवला आणि धाकट्याला वाजवायची खूण केली.